गाठीचा एक काप

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची काचेची स्लाइड मी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध नखाएवढा जांभळट डाग होता. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतून माझी गाठ काढली, तिचाच हा पापुद्रा. एका लॅबने तिला गरीब स्वभावाची ठरवलं, दुसऱ्या लॅबने आडदांड. किरणांचे शेक घ्यायचे की नाही, ते त्यावर ठरणार.

"दोघांतलं कुणीतरी थापा मारतंय," मी म्हटलं.

"नाही हो आजी. एकाच गाठीत एका कोपऱ्यात एक प्रकार असतो, दुसऱ्यात दुसरा. काप जिथला, तसं नाव. आणखी काप बघूया."

मला काही हे पटेना. एवढासा डाग, पण नक्की काहीतरी लपवत होता.

आता हा संशय, आणि विशीत काय तोरा. बघायला आलेल्या ह्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवताना एकदाच वर पाहिलं आणि आत जाऊन बहिणीला ठासून सांगितलं, "मुलगा अबोल आहे." केवढी ती पारख! लग्नानंतर कळलं, हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो. आत्ताही बाहेर बाकावर एका अनोळखी बाईंना लिंबाचं लोणचं शिकवत होते.

मी बाहेर येऊन म्हटलं, "अजून नाव ठरत नाहीये. शेक घ्यावे लागतीलही."

लोणचं अर्ध्यावरच राहिलं. माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून ते रिक्षात बसले, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पोह्यांच्या वेळी मी बहुतेक ह्यांचा हाच कोपरा पाहिला होता.