फोन करणाऱ्याचं नाव

सेमारांगच्या आमच्या दैनिकात वुर्यानबाई, आमच्या भाषेत बू वुर्यान, सव्वीस वर्षं टेलिफोनपाशी बसल्या. पानं लावायच्या संगणकांची देखभाल करायला मी तिथं लागलो, तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन फोन होते. हिरव्यावर जाहिरातवाले आणि मयताची सूचना देणारे. काळ्यावर सरकारातले साहेबलोक.

काळ्या फोनवरचा आवाज कधी चढत नसे. "बू, बंदराच्या जमिनीची ती बातमी उद्या नसलेली बरी," एवढंच. लेखी काही यायचं नाही. पण ऐकलं नाही तर दैनिकाचा परवाना जाईल, हे संपादकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बू "हो पाक" म्हणायच्या आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायच्या: तारीख, वेळ, कुठली बातमी, ती कुणी लिहिलेली. संध्याकाळी संपादक ती वही वाचत आणि मगच पानं छपाईला सोडत.

फोन कुणाचा, या रकान्यात मात्र दरवेळी एकच शब्द असायचा: पाक. म्हणजे साहेब. मोठ्या माणसाला "आपण कोण?" असं विचारणं म्हणजे मी तुम्हाला ओळखत नाही, असं त्याच्या तोंडावर सांगणं. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

बू मला मास म्हणत, म्हणजे दादा. मी एकदा म्हटलं, "बू, माझ्या यंत्राला असा अर्धवट रकाना दिला तर ते पुढंच सरकत नाही."

"मग त्याला कुणी वळण लावलेलं नाही," बू म्हणाल्या. "तुलाही लावलेलं दिसत नाही, मास."

मी लागण्याआधी दोन वर्षं, म्हणजे त्र्याण्णव साली, पाक प्रासोजो नावाच्या आमच्या बातमीदाराला काढून टाकलं होतं. त्यांनी बंदराच्या जमिनीची बातमी आणली आणि काळा फोन वाजला. बातमी काढली गेली, आठवड्यात त्यांनाही काढलं. कागदोपत्री कारण लिहिलं गेलं: खोटी बातमी दिली. तो शिक्का बसल्यावर दुसऱ्या कुठल्या वर्तमानपत्रानं त्यांना उभं केलं नाही. ते सासूबाईंच्या दुकानात लुंपिया, म्हणजे बांबूच्या कोंबांचे तळलेले रोल, वळू लागले.

नव्याण्णवच्या सप्टेंबरात नवा कायदा झाला. परवान्याची अटच गेली, आणि बातमी अडवणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद आली. त्या दिवशी कचेरीत सगळे एकमेकांना क्रेटेक, म्हणजे लवंग घातलेल्या सिगारेटी, वाटत होते. बूंनी काळ्या फोनवर स्वतः विणलेला रुमाल टाकला.

पुढच्या वर्षी प्रासोजोंच्या बाजूनं रेत्नानिंग नावाची तरुण वकील आली. त्यांच्या नावावरचा डाग पुसायला दैनिकाचे मालक आता तयार होते, पण एका अटीवर. बाहेरून दबाव आला होता हे दाखवा, कुणाकडून आला ते दाखवा. नाहीतर खोटं कारण दैनिकानंच रचलं, असं ठरतं.

बूंनी कपाटातून वही काढली. तारीख सापडली. नोंद स्पष्ट होती: बंदराची बातमी थांबवावी, बातमीदार कामावर नसावा. शेवटच्या रकान्यात पाक. पण त्याच्या शेजारी कागद झिजलेला होता.

"इथं काय होतं, बू?" वकिलीणबाईंनी विचारलं.

बूंनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "नाव होतं. त्या दिवशी ते स्वतःच बोलले, मी अमुक बोलतोय म्हणून. मी पेन्सिलीनं लिहिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव असं उघडं, माझ्या अक्षरात… बरं दिसत नाही. मी खोडलं."

"त्यांनी सांगितलं होतं खोडायला?"

"नाही. कुणीच नाही सांगितलं."

वहीचं पान खिडकीशी धरून आम्ही पाहिलं. तिरपं धरलं, उलटं धरलं. मी स्कॅनरवर घालून गडद केलं, फिकं केलं. बूंचा हात हलका होता. पेन्सिलीचा खळगासुद्धा उरला नव्हता.

"मला नाव आठवतंय, मी शपथेवर सांगते," बू म्हणाल्या.

"सांगा ना. पण ते नाही म्हणतील, आणि तुमच्याकडे नुसता तुमचा शब्द," वकिलीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वही असती तर गोष्ट वेगळी होती."

बूंनी तरीही जबानी दिली. ते गृहस्थ नाही म्हणाले, तेही अगदी नम्रपणे. मालकांनी फाईल मिटली.

निकाल सांगायला बू स्वतः गेल्या, मला सोबत घेऊन. दुकानात बांबूच्या कोंबांचा उग्र वास भरलेला होता. प्रासोजो हात पुसत बाहेर आले. त्यांनी आम्हाला बसवलं, पुढ्यात लुंपिया ठेवल्या. बूंनी सगळं सांगितलं, खोडरबरासकट.

"वकिलीणबाईंनी मला त्या पानाची प्रत दिली," प्रासोजो म्हणाले. "माझं नाव किती नीट लिहिलंयत, बू. हुद्दा, विभाग, घरचा पत्तासुद्धा."

"फोनवर विचारलं होतं त्यांनी."

"हो. माझं विचारायला त्यांना अवघड वाटलं नाही." त्यांनी बशी थोडी पुढं सरकवली. "खा. गार झाल्या की तेलकट लागतात."

बूंनी एक उचलली. आमच्याकडे नाही म्हणता येत नाही.