रागवायचं नंतर बघू

सई आणि ईशान, तुमच्या घरी काही फुटलं, सांडलं, हरवलं की बाबा एक वाक्य म्हणतो, "आधी सांगून टाक, रागवायचं नंतर बघू." मागच्या खेपेला मी तुमच्याकडे होते तेव्हा ईशानने मागच्या खिडकीची काच फोडली आणि दारात उभा राहून मलाच बजावलं, "आजी, तुझाच नियम आहे, आधी सांगायचं!" तुमच्या घरात त्याला 'आजीचा नियम' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. बाबाने लाडाने माझ्या नावावर काहीतरी खपवलं असेल असं समजून मी हसले आणि तो मान ठेवून घेतला. पण तो नियम माझा नाही. ज्यांचा आहे त्या शमीमताई काही आठवड्यांपूर्वी गेल्या, म्हणून आता लिहिते आहे. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. माझं शिक्षण त्याच भाषेतलं, आणि तुम्हालाही ती सोपी. पण इंग्रजीत हे लिहिलं असतं तर एक 'सॉरी' टाकून मी फार लवकर सुटले असते. शमीमताईंशी मी कायम मराठीत बोलले. तुम्हाला हे बाबा वाचून दाखवेल.

बातमी सकाळी आली. कांबळेसरांचा फोन. हे कांबळेसर वारज्यात मुलांचं क्रीडामंडळ चालवायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, आवाज मात्र अजून मैदानावरचा. त्या दिवशी तो आवाज एवढा खाली होता की मला दोनदा विचारावं लागलं. "शमीमताई गेल्या, सुनंदाताई. झोपेतच." मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी जाऊन आले. परत आल्यावर बाबाला फोन केला, तर तो रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस फोनवर रडतो तेव्हा त्याच्या आईने काय बोलावं... मग तो जे बोलला ते ऐकून कामवालीने दार वाजवेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. पण ते पुढे सांगते. क्रमाने सांगायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

बाबा शाळेत असताना मी एक काम सुरू केलं होतं. पुण्यात तेव्हा मुलांसाठी काहीबाही करणारे लहान लहान गट पुष्कळ होते. कांबळेसरांचं मंडळ, कात्रजला बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचं पाळणाघर, बिबवेवाडीत शमीमताईंची अभ्यासिका. सगळे मनापासून राबत, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नसे. एकाच वस्तीतल्या पोरांना तीन गट तीन वेळा दात घासायचे ब्रश वाटत, आणि ज्याला फळ्यावरचं दिसत नाही त्याला चष्मा कोणीच देत नसे. ही मोट बांधायचं काम मी अंगावर घेतलं. महिन्यातून एका शनिवारी एका शाळेच्या वर्गात सगळ्यांची बैठक. कोण काय करतंय, कुठलं मूल कोणाकडे पाठवायचं, कुठे हात कमी पडताहेत. बैठक वेळेवर सुरू व्हावी म्हणून मी टेबलावर एक पितळी घंटा ठेवत असे. शमीमताई हमखास उशिरा येत, दाराजवळची लोखंडी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "घंटा झाली का? मग आता प्रसाद घ्या," आणि पिशवीतून नानकटाईचा डबा काढत. त्या दूरध्वनी खात्यात नोकरीला होत्या. घराच्या खालच्या दोन खोल्या त्यांनी मुलांना अभ्यासाला दिल्या होत्या. ना वेळापत्रक, ना हजेरी. मी एकदा म्हटलं, "शमीमताई, काहीतरी शिस्त हवी." त्या म्हणाल्या, "शिस्त आहे की. चपला बाहेर काढायच्या."

बैठकीचा एक नियम मात्र माझा होता, आणि त्याचा मला अभिमान होता. तिथे कुठल्याही मुलाचं नाव घ्यायचं नाही. 'एक मुलगा', 'एक मुलगी' एवढंच म्हणायचं. घरही सांगायचं नाही. वस्तीत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही, आणि मूल एकदा बदनाम झालं की पुन्हा दाराशी येत नाही. हा नियम सगळ्यांनी पाळला. माझ्याबाबतीत तर फारच चोख पाळला.

ते दिवस कॉम्प्युटरचे होते. हिंजवडीकडचे रस्ते रुंद होत होते, आणि आमच्या सोसायटीत पेढे वाटले जात ते व्हिसा मिळाल्याचे. ज्याचा मुलगा बारावी सायन्सला नाही त्याची लोक विचारपूस करत, आजाऱ्याची करतात तशी. तुमचा बाबाही सायन्सला होता. सकाळी सॅक घेऊन बाहेर पडे, संध्याकाळी येई, जेवे, खोलीत जाई. मी त्याच्याकडे लक्ष देत होते असं मला वाटे. त्याच्या क्लासच्या वेळा आणि माझ्या भेटींचे वार, दोन्ही मी फ्रिजवर लावले होते.

दिवाळीनंतरच्या एका बैठकीत शमीमताईंनी विषय काढला. "एक मुलगा आहे. कॉलेजातला. दोन महिने झाले, क्लासला जातच नाही. दिवसभर बसने गाव फिरतो, नाहीतर माझ्याकडे येऊन बसतो. घरी ठाऊक नाही. गणित डोक्यात शिरत नाही म्हणतो, आणि ते सांगायची छाती होत नाही. घरी सांगावं का, आणि सांगितलं तर काय होईल, ते त्याने मला इथे विचारायला सांगितलंय."

कांबळेसर म्हणाले, "पोरगं स्वतः विचारतंय म्हणजे अर्धं काम झालं."

पण मला राग आला होता. त्या दिवशी विषय बरेच होते आणि वेळ पुढे सरकला होता, हे खरं. पण ते कारण नव्हे. मला तशी घरं माहीत आहेत असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "दोन महिने मुलगा बाहेर भटकतो आणि आईला पत्ता नाही? मग ती आई घरात करते काय? तिला एकदा इथे आणून माझ्यासमोर बसवा."

शमीमताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बसवू की," त्या म्हणाल्या. "पण मुलाला काय सांगू?"

बाबा, हा पुढचा भाग वाचताना गाळू नकोस.

मी म्हणाले, "त्याला स्पष्ट सांगा. असा फसवणारा मुलगा माझा असता, तर मी त्याला घराचं दार उघडलं नसतं."

"हेच सांगू?"

"हेच सांगा. शब्दाला शब्द."

"बरं," शमीमताई म्हणाल्या. मी घंटा वाजवली आणि पुढचा विषय घेतला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी फोडणी घालत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सॅक पाठीवरच होती. म्हणाला, "आई, मी दिवाळीच्याही आधीपासून क्लासला जात नाहीये. बिबवेवाडीला शमीममावशींच्या अभ्यासिकेत बसतो." मोहरी जळाली. मी गॅस बंद केला. बैठकीचा शनिवार सोडला तर मी दर शनिवारी त्या अभ्यासिकेत भेटीला जात असे, मग हा मला कधीच कसा दिसला नाही, एवढंच मला विचारता आलं. तो म्हणाला, "शनिवारी नव्हतो जात. फ्रिजवर लिहिलंय ना..."

मी ओरडले नाही. बाबाला ते फार मोठं वाटलं, अजून वाटतं. पण त्यात मोठेपणा काही नव्हता. 'एक मुलगा' कोण ते मला कळलं होतं, आणि जिला माझ्यासमोर बसवा म्हणाले होते ती आई मीच होते. खरं सांगायचं तर पहिला विचार मुलाचा आलाच नाही. त्या खोलीत आणखी कोणाकोणाला ठाऊक असेल, हा आला. दुसऱ्यांच्या मुलांची मोट बांधणाऱ्या बाईचा स्वतःचा मुलगा! मग मनात आलं, आपले शब्द शमीमताईंनी त्याला सांगितले असणार, शब्दाला शब्द, आणि ते ऐकूनही हा दारात येऊन उभा आहे. ही त्याची हिंमत, असं मी धरून चालले. पुढे त्याने सायन्स सोडलं, भूगोल घेतला. आज तो नकाशे करतो. बसने पालथं घातलेलं पुणे वाया गेलं नाही म्हणायचं.

शमीमताईंनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. बैठकीत नाही, एकटीपाशीही नाही. नियम माझाच होता. आणि मी काय केलं? मी त्यांना टाळू लागले. शनिवारची भेट कांबळेसरांवर सोपवली. नानकटाई पुढे आली की "नको, साखर वाढलीय" म्हणू लागले, तेव्हा मला साखर नव्हती. ज्यांनी माझ्या मुलाला दोन महिने ऊन लागू दिलं नाही त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जड जाई. एकदा जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "अहो सुनंदाबाई, मी काय खाते का तुम्हाला?" मी घाईत आहे म्हणाले. पुढे मी समन्वयाचं काम सोडलं तेव्हा घंटा त्यांनी मागून घेतली. "द्या इकडे. गटांचा जाच तरी सुटेल."

शेवटची भेट या वर्षाच्या सुरुवातीची. त्या अंथरुणावर होत्या, आवाज बारीक झाला होता, जीभ तशीच. माझ्याबरोबर आलेले कांबळेसर चहा आणायला आत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारा की काय विचारायचंय ते. इतकी वर्षं तोंडात धरून बसलात. गूळ आहे का तो?" मी तेव्हा विचारू शकले असते. तुम्ही त्याला काय सांगितलंत? माझे शब्द ऐकून तो काय म्हणाला? एवढंच विचारायचं होतं. मी त्यांची चादर सारखी केली आणि म्हणाले, "काही नाही हो. झोप लागते का नीट?" त्या हसल्या. "लागते. मी सगळं सांगून टाकते ना."

आता फोनचं सांगते. शमीमताई गेल्याचं ऐकून बाबा रडला, आणि मग म्हणाला, "आई, त्या दिवशी मावशींनी तुझा निरोप दिला नसता, तर मी घरी आलोच नसतो. स्टेशनवर जायचं ठरवलं होतं मी. सॅकमध्ये कपडे होते."

मी विचारलं, "कुठला निरोप?"

"अगं, तुझंच वाक्य! मावशी म्हणाल्या, बैठकीत विचारलं मी तुझ्या आईला, नाव न सांगता. ती म्हणाली, त्या मुलाला सांगा, आधी सांगून टाक, रागवायचं नंतर बघू."

फोनवर मी त्याला खरं सांगितलं नाही. "हो का," म्हणाले आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. म्हणजे शमीमताईंनी वाट करून दिली होती तेव्हाही मी बोलले नाही, आणि त्या गेल्यावरही नाही. इतकी वर्षं मला लाज वाटत होती ती भलत्याच गोष्टीची. माझा मुलगा त्यांच्या ओट्यावर सापडला याची. त्यांनी मला माझ्याच मुलासमोर माझ्यापेक्षा बरी आई करून ठेवलं होतं, आणि मी त्यांच्या हातची नानकटाई परत करत होते. त्या वाक्यावर तो घरी आला. त्या वाक्यावर त्याने तुम्हाला वाढवलं. ते मी म्हटलेलं नाही. मी म्हटलं होतं ते वर लिहिलं आहे, शब्दाला शब्द.

इथपर्यंतचा मजकूर मी शमीमताईंच्या आठवणींच्या अंकात छापायला देण्याआधी बाबाला पाठवला. काही दिवस त्याचं उत्तर नव्हतं. रोजचा फोनही आला नाही. त्या दिवसांत मी दोनदा बिबवेवाडीला जाऊन आले, कारण घरात बसवेना. मग त्याची एकच ओळ आली, "छापू दे. मुलांना मीच वाचून दाखवतो, काही न गाळता." त्याखाली दुसरं काही नव्हतं. रागावला आहे का, मी विचारलेलं नाही. नंतर बघू, असं त्याने ठरवलं असेल तर तो त्याचा हक्क आहे.

अभ्यासिका चालू आहे. शमीमताईंची भाची आता ती उघडते. चपला अजून बाहेरच काढाव्या लागतात. टेबलावर माझी पितळी घंटा आहे आणि मुलं ती उगाच वाजवतात. परवा मी दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसले होते तेव्हा एक मुलगी आली, पाठीवर सॅक, भर दुपारी, कॉलेजच्या वेळेत. कोणी तिला काही विचारलं नाही. मीही नाही. आणि तिकडे तुमच्या घरात ते वाक्य आहे. ते शमीमआजीचं आहे.