आठ ठेवल्या, पाच उरल्या

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मुलं काय म्हणणार? बाटलीमामा. आम्ल कुठल्या फळीवर, क्षार कुठल्या, कुलपाच्या कपाटात काय आणि त्याची किल्ली कुणाच्या कमरेला, हे मामांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. प्रत्येक बाटलीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातलं लेबल असे. 'वाचल्याशिवाय हात लावायचा नाही,' हे एवढं एकच वाक्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. एकतीस वर्षांत एकाही पोराचं बोट भाजलं नाही. निरोप समारंभात हेडमास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मामांची मान जरा ताठ झाली. ती घरी पोचेपर्यंतच ताठ राहिली.

कारण घरी फौजदारीण होती. हे नाव मामांनी ठेवलेलं नाही, तेवढी त्यांची छाती नव्हती. नाव ठेवलं जनावरांच्या दवाखान्यात येणाऱ्या लोकांनी. मामांची बायको तिथे काउंटरवर बसे. फोन घेणं, नोंदवहीत नाव-गाव लिहिणं, आधी कुणाला आत सोडायचं ते ठरवणं, हे तिचं काम. ती कामात चोख होती, त्यात शंका नाही. मांजराला माणसाची तापाची गोळी दिली, कुत्र्याला मनुका घातल्या, पोपटासमोर नॉनस्टिक तवा जाळून धूर केला, असली सगळी प्रकरणं तिने पाहिली होती. आणि ती करणाऱ्या प्रत्येकाचा तिने बाकावर बसलेल्या लोकांदेखत पाणउतारा केला होता. "कांदा घातलात? स्वतःच्या हाताने? मग आता इथे कशाला आलात, घरीच बघत बसायचं होतं." माणूस रडवेला झाला की तिचा आवाज आणखी चढे. एखाद्याचं जनावर गेलं, तर जाताना त्याला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणे, "अशांना जनावर ठेवायला द्यायलाच नको."

फोनचा तिचा एक नियम होता. आधी नाव, मग उपाय. लोक खोटं बोलतात, उद्या काही झालं की दवाखान्यावर उलटतात, म्हणून नाव, पत्ता, जनावराचं वय वहीत उतरल्याशिवाय ती फोन आत डॉक्टरांना देत नसे. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तिला स्पष्ट सांगितलं होतं, की विषाचं प्रकरण असेल तर आधी फोन आत द्या, नाव मागाहून घ्या. ती "बरं" म्हणाली, आणि डॉक्टरांचं म्हणणं तिने सरळ धाब्यावर बसवलं.

घरात गोड बोलणं अजिबात नव्हतं असं नाही. ते सगळं भुऱ्याच्या वाट्याला होतं. कुणीतरी पाय मोडलेलं पिल्लू दवाखान्याच्या पायरीवर टाकून गेलं, ते तिने घरी आणलं, त्याला आता सात वर्षं झाली होती. संध्याकाळी दार उघडलं की ती चप्पल काढायच्या आधी जमिनीवर बसायची. "कुठे होतं माझं सोनं? कुणी त्रास दिला?" असं विचारताना तिचा आवाज इतका मऊ व्हायचा, की मामा वर्तमानपत्राआडून तो ऐकत राहायचे. आपल्याशी नाही तर नाही, पण या घरात असा आवाज आहे, एवढ्यावर ते समाधानी होते. भुऱ्याला ते स्वतः जीव लावत होतेच, पण त्याच्यावाचून हिचं काय होईल, हा विचार ते मनात येऊच देत नसत.

त्या हिवाळ्यात सामानाच्या खोलीत उंदीर झाला. मामांनी पिंजरा लावला. उंदराने पिंजऱ्यातला पाव खाल्ला आणि तो आल्या वाटेने निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होतात ना? एक उंदीर धरता येत नाही. मुलांना तरी काय शिकवलं असेल कुणास ठाऊक." विष आणायला तिने घरात सक्त मनाई केली होती. पण प्रयोगशाळेचं नाव निघालं आणि मामांना ते फार लागलं.

सोमवारी ती आठ वाजता कामावर गेली. मामांनी दुकानातून उंदराच्या औषधाच्या निळ्या वड्या आणल्या. लेबल दोनदा वाचलं. भुऱ्याला झोपायच्या खोलीत घालून कडी लावली. सामानाच्या खोलीत आठ ठिकाणी आठ वड्या ठेवल्या आणि कुठे कुठे ठेवल्या ते एका कागदावर क्रमाने लिहून कागद खिशात टाकला. संध्याकाळच्या आत सगळ्या उचलायच्या, तिला पत्ता लागू द्यायचा नाही, असा बेत होता. मग ते आंघोळीला गेले.

झोपायच्या खोलीची कडी ढिली आहे हे त्यांना माहीत होतं. आंघोळीहून आले तर दार उघडं. भुऱ्या सामानाच्या खोलीत उभा राहून ओठ चाटत होता आणि त्याच्या जिभेला निळा रंग लागला होता. मामांनी कागद काढून जागा तपासल्या. आठ ठेवल्या होत्या, पाच उरल्या होत्या. घड्याळात साडेदहा वाजत होते, तेही त्यांनी सवयीने वार घालून कागदावर टिपलं.

गावात जनावरांचा दुसरा दवाखाना नव्हता. होता त्याचा फोन कोण उचलणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते तसेच खालच्या मजल्यावरच्या टेलरकडे धावले. टेलर भला माणूस, मशीन थांबवून त्याने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. मामा त्याच्या खांद्याशी कान लावून उभे राहिले.

"एका माणसाच्या कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लंय," टेलर म्हणाला. "काय करायचं?"

"एका माणसाच्या म्हणजे कुणाच्या?" पलीकडून आवाज आला. "त्याला तोंड नाही? नाव सांगा."

"नाव... ते जरा अडचणीचं आहे हो. तुम्ही फक्त उपाय सांगा."

"विष पसरताना अडचण नाही वाटली त्या शहाण्याला? नाव सांगा, मग डॉक्टरांना देते. नाहीतर ठेवा फोन, माझ्यामागे कामं आहेत."

टेलरने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. ती नकाराची होती की होकाराची, ते टेलरला कळलं नाही, आणि खरं म्हणजे मामांनाही कळलं नव्हतं. टेलरने फोन ठेवला.

मग मामांनी कुणीतरी कधीतरी सांगितलेला उपाय केला. मिठाचं पाणी भुऱ्याच्या घशात ओतलं. बिचाऱ्याने मुकाट्याने ते पिऊन घेतलं, आणि थोडी फेसाळ उलटी केली. उलटीत निळसर कण दिसले. बाहेर पडलं सगळं, असं मामा स्वतःला मोठ्याने म्हणाले. उरलेल्या पाच वड्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकल्या आणि फरशी दोनदा पुसली.

संध्याकाळी जेवताना बायको रंगात आली होती. "आज एक नमुना भेटला फोनवर. कुत्र्याने विष खाल्लंय म्हणे, पण नाव सांगणार नाही. दुसऱ्याला बोलायला लावलं होतं. बायकोला घाबरत असेल मेला." भुऱ्या तिच्या पायाशी अंग टाकून पडला होता. मामा हसले. तिच्या गोष्टीला हसायची त्यांना सवय होती, आणि हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता सांगता येणार नाही. हसायच्या आधी सांगायला हवं होतं.

"पण त्या कुत्र्याला उलटी झाली असेल तर?" त्यांनी विचारलं.

"उलटी झाली की सुटलो असं वाटतं या लोकांना. दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं, मग आतल्या आत रक्त सुटतं. वेळेवर आणलं तर काही नाही हो, महिनाभर व्हिटॅमिन के द्यायचं. पण सांगायला तोंड पाहिजे ना." तिने भुऱ्याला पोळीचा तुकडा दिला. "तुम्हाला कशाला चौकशा?"

"सहज," मामा म्हणाले.

मंगळवारी ते औषधाच्या दुकानात गेले. व्हिटॅमिन के नव्हतं. दुकानदाराने सगळी व्हिटॅमिनं एकत्र असलेल्या गोळ्या पुढे केल्या. मामांनी लेबल वाचलं. यादीत के होतं, सगळ्यात खाली, चिमटीत धरता येणार नाही इतकं कमी. याने काही होणार नाही हे त्या आकड्यात लिहिलेलं होतं आणि मामांना आकडे वाचता येत होते. तरी त्यांनी बाटली घेतली. मंगळवारी आणि बुधवारी पावात घालून चार-चार गोळ्या भुऱ्याला दिल्या. भुऱ्याने शेपूट हलवत खाल्ल्या. तो बागडला की मामांना वाटायचं, आपण उगीच भ्यालो. भित्र्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार लागत नाही.

गुरुवारी सकाळी भुऱ्या उठला नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पोटावर जांभळे डाग होते आणि नाकपुडीशी रक्त आलं होतं. मामांनी त्याला चादरीत घेतलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. काउंटरमागून बायकोने पाहिलं आणि ती हातातलं पेन टाकून धावत आली. बाकावर सात-आठ जण होते. त्यांनी फौजदारणीला पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि दोघांचौघांना ते बघून बरं वाटलं. त्यांना दोष देता येत नाही.

डॉक्टर तरुण होत्या. मामांच्याच शाळेतल्या. त्यांनी भुऱ्याला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, डाग पाहिले. "मामा, घरात उंदराचं औषध वगैरे काही?"

मामांनी तोंड उघडलं. त्याआधीच बायको म्हणाली, "माझ्या घरात? डॉक्टर, मी इथे सात वर्षं लोकांना ओरडतेय आणि माझ्या घरात विष असेल?"

डॉक्टरांनी तरी मामांकडे पाहिलं. दारात बाकावरचे दोघे येऊन उभे राहिले होते. "नाही," मामा म्हणाले.

"मग गोचिडाचा ताप असेल. त्यातही असंच रक्त जातं." डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, त्या तापाचं औषध सुरू केलं आणि सलाइन लावलं. तापावरचं औषध बरोबर होतं, फक्त भुऱ्याला तो ताप नव्हता.

मामा बाकावर बसले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, साडेअकरा वाजले. काचेतून बायको दिसत होती. ती भुऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, तोच मऊ आवाज असणार. भुऱ्याची छाती भराभर हलत होती. बारा वाजता मामा उठले, आत गेले आणि खिशातला कागद टेबलावर ठेवला. "आठ ठेवल्या होत्या, पाच उरल्या. सोमवारी साडेदहाला."

डॉक्टर लगेच कामाला लागल्या. व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, रक्त देणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला फोन लावला. तो निघाला होता. भुऱ्याच्या छातीत रक्त साचलं होतं, श्वास घेताना घरघर येत होती. तो बायकोचा हात चाटायचा प्रयत्न करत होता आणि त्याला मान उचलता येत नव्हती. रक्त देणारं कुत्रं दवाखान्याच्या दारात पोचलं तेव्हा भुऱ्याला जाऊन पाच मिनिटं झाली होती.

बायकोने कागद उचलून वाचला. सोमवार, साडेदहा. ती काउंटरकडे गेली आणि तिने नोंदवही उघडली. सोमवार, दहा चाळीस, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'विष. नाव सांगत नाही. फोन ठेवला.' मग तिने मामांना दंडाला धरून औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

मामा शिव्यांची वाट पाहत उभे राहिले. आज त्यांना त्या हव्या होत्या.

"फोनवर तो आपला खालचा टेलर होता," ती म्हणाली.

"हो. मी शेजारीच उभा होतो."

डोळे सुजले होते. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंत फोनचं?"

"अजून नाही."

"सांगू नका." तिने दाराकडे पाहिलं. "नाव नंतर घ्या म्हणून त्यांनी मला बजावलं होतं. कळलं तर इथे मला कुणी उभं करणार नाही. बाकावरची ती माणसं... अहो, मला फाडून खातील. तुम्ही मुळी फोनच केला नाही. कळलं?"

एकतीस वर्षं खरी लेबलं लावणाऱ्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिची कीव आली, आणि कीव आल्याची भीती वाटली. "कळलं," ते म्हणाले.

बाहेर डॉक्टर हात धुऊन आल्या होत्या. बाकावरचे सगळे ऐकत होते. बायको काउंटरमागे जाऊन बसली, नोंदवही मिटून तिने त्यावर दोन्ही हात ठेवले.

"मामा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रागाने कापत होता, "दुसरं कुणी असतं तर मी समजले असते. तुम्ही? सोमवारी अकराच्या आत आणलं असतंत तर तो आज घरी खेळत असता. आणायचं राहू द्या. लाज वाटत होती, तर नुसता एक फोन तरी करायचा होता."

मामांनी काउंटरकडे पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले, "करायला हवा होता."

"अशांना जनावर द्यायलाच नको," बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि काउंटरमागून पुढच्या माणसाला हाक आली.