त्या दारात कोण होतं?

किस्से ठरवून जमत नाहीत. चार रिकामटेकडी माणसं एका टीव्हीसमोर बसवा, बास! आमचं तसंच झालं. फक्त ह्या खेपेचे किस्से सांगताना हसू अर्ध्यातच थांबतं, काय करणार!

आम्ही चौघं. मी, म्हणजे अण्णा, सांगलीच्या हळद बाजारात अडत दुकानावर जन्म घालवला. जाधव हवालदार, पोलिसातून रिटायर. सलीमभाई, मिरची कांडपवाले. आणि सिंधूताई, मूळच्या रहिमतपूरच्या. टीव्ही त्यांचा, चहा त्यांचा, म्हणून रविवारची दुपार त्यांच्याकडे. त्यांचा एकुलता एक प्रकाश फौजेत. त्या रविवारी त्याचा फोन बंद होऊन अकरा दिवस झाले होते. आम्ही विचारत नव्हतो, त्या सांगत नव्हत्या. पण कॅलेंडरवर रोज पेनानं टिंब पडत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

* * *

सलीमभाईंनी भाच्याकडून पेनड्राइव्ह आणला. "कॉमेडी हाय," म्हणाले. कसली कॉमेडी! गावातला पोरगा गायब, एकामागून एक खून, आणि खुनी काही सापडत नाही. शेवटी त्या पोराची आई घरात एकटी. बाहेर कडी वाजते. ती उठते, दारापर्यंत जाते, कडीला हात लावते, आणि पडदा काळा. संपला पिच्चर!

"लाइट गेली!" म्हणत सलीमभाई स्टुलावर चढले आणि फ्यूज चाचपायला लागले. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, तरी ह्यांचं चालूच. खाली उतरले तेव्हा कपाळावर घाम. म्हणाले, "आसा कुठं शेवट आसतो व्हय? मानसानं झोपायचं कसं?"

* * *

जाधव हवालदारांना मात्र शंका नव्हती. "पोरगंबिरगं काय न्हाई. दारात पोलिस हाय. तीस वर्सं आमीच आसली दारं वाजवलीत. आमचं तोंड बघितलं की बाईला कळतंय, गड्या! सांगायचीबी गरज पडत न्हाई."

मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण त्यांचं लक्ष कुठं! मागं सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. ट्रेमधले कप खडखडत होते. हवालदारांनी मागं वळून बघितलं आणि पटकन ट्रे हातात घेतला.

"साखर बरोबर हाय का बघा," सिंधूताई म्हणाल्या.

चहात साखरच नव्हती. तिघंही एका सुरात म्हणालो, "येकदम बरोबर!"

* * *

मंगळवारी भर दुपारी सलीमभाईंच्या घराची कडी वाजली. ह्यांनी आतून विचारलं, "कोन?" बाहेरून उत्तर नाही. पुन्हा "कोन?" पुन्हा गप्प. मग सलीमभाईंनी कांडपाचं लाकडी मुसळ उचललं आणि दाराआड उभे राहिले!

शेवटी बाहेरून त्यांच्या बायकोचा, आमच्या भाभींचा आवाज आला, "दोन पिशव्या घेऊन उनात उभी हाय मी. खुनी कवा कोथिंबीर आणतो व्हय?"

हे सलीमभाईंनीच मला आणि हवालदारांना सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. सलीमभाई हसले नाहीत. म्हणाले, "माझं सोडा. सिंधूताई घरात येकटी आसती. तिची कडी वाजली तर तिनं काय करायचं?"

* * *

हवालदारांच्या जिवाला आपलं बोलणं लागलं होतं. त्यांनी चौकशी केली. शेजारच्या गावातला एक पोरगा प्रकाशच्याच युनिटला, त्याचाही फोन नव्हता. "दोगांचाबी न्हाई, म्हंजे टॉवरच नसंल!" केवढा धीर आला म्हणून सांगू!

शनिवारी मी वाईला भाचीकडे निघालो होतो. एसटीत शेजारच्या म्हातारबाबांना सहज त्या पिच्चरचा शेवट सांगितला, आणि अर्धी बस भांडायला उठली! "पोरगाच आला!" "आवं, खुनी हाय त्यो!" कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला आणि म्हणाला, "आदी मला सांगा, त्या बाईनं कडी काढली का न्हाई?"

तेवढ्यात हवालदारांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अण्णा, त्या दुसऱ्या पोराचा फोन आला घरी. काल सकाळी. टॉवर चालू हाय."

गोष्ट खरं तर आनंदाची, पण मग प्रकाशचा फोन का नाही? बस भांडतच होती.

* * *

रविवारी तिघंही आधी कोपऱ्यावर भेटलो आणि ठरवलं, फोनचं काही बोलायचं नाही. आत गेलो तर सिंधूताई म्हणाल्या, "आज दुसरा पिच्चर नको. त्या दारात कोण होतं त्याचा येकदाचा निकाल लावा."

मी उसनं हसून म्हटलं, "लावू की! आपल्या बाजारातल्यासारखा!" पूर्वी हळदीचा सौदा पंच्याखाली व्हायचा. दोघांचे हात कपड्याखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, तिसऱ्याला पत्ता नाही. मी खांद्यावरचा पंचा काढला. एकेकानं त्याखाली माझं एक बोट दाबलं तर पोरगा आला, दोन दाबली तर दुसरंच कुणी.

सलीमभाईंनी एक बोट दाबलं. हवालदारांनी तर एकच बोट असं घट्ट दाबलं की माझी अंगठी रुतली.

मग सिंधूताई. त्यांनी दोन बोटं दाबली.

मी पंचा झटकला आणि मोठ्यानं म्हणालो, "येकमत! पोरगाच आला!" दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सिंधूताई म्हणाल्या, "आवं अण्णा, ती बाई दाराकडं सावकाश गेली. पोराचं पाऊल आसतं तर पळत गेली नसती का?"

त्यांनी पंचा पुन्हा माझ्या हातावर पसरला आणि खाली स्वतःचा हात घातला.

"आता नीट मोजा," म्हणाल्या.