बॉनेटखालचं दुसरं इंजिन

मी कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा वडिलांची अँबॅसेडर नगरला सावेडीतल्या आमच्या बंगल्याच्या शेडमध्ये सहा वर्षं बंद उभी होती. वडील पंच्याऐंशीचे. उमेदीच्या काळात ते संगमनेरला डॉक्टर होते आणि त्याच गाडीतून अकोले तालुक्यातली गावं फिरत. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, पण पाना हातात धरायची वेळ आली की कुणाला तरी हाक मारली. आता पुस्तक समोर ठेवून ही गाडी आपणच चालू करायची, असं मी ठरवलं.

गाडीत सापडलेलं पुस्तक मूळ पेट्रोल इंजिनाचं होतं. त्याचा उपयोग नव्हता, कारण वडिलांनी फार पूर्वी नगरच्या एका मिस्त्रींकडून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. म्हणून पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तीन चकरा मारून मी त्या टेम्पोचं मॅन्युअल मिळवलं. पानं तेलकट, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. पण हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे, ते वाचता येत होतं.

बॉनेट उघडलं आणि गोंधळले. चित्रात डिझेल पंप डावीकडे, आमचा उजवीकडे. चित्रातल्या वॉटर पंपाला चार बोल्ट, आमच्या पंपाला तीनच.

"पुस्तक चुकीचं असेल," शेजारी खुर्चीत बसलेले वडील म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

शेवटी मी मिस्त्रींचा नवा पत्ता काढला. तेही थकले होते. दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. सून त्यांना रिक्षाने घेऊन आली. वडिलांनी नमस्कार केला आणि चहाचा कप उचलला. मिस्त्रींनी बाह्या सारल्या आणि इंजिनावरून सावकाश हात फिरवला. पंपापाशी हात थांबला.

"बेटी, हे मी बसवलेलं इंजिन न्हाई."

"चाचा, दुसरं कुठून येईल?"

"माजं काम मला कळत न्हाई व्हय? हे जीपचं हाय."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मिस्त्री, तुमचं इंजिन मी जाळलं."

मग त्यांनी सांगितलं. डोंगरातल्या एका वस्तीवर एक बाई अडली होती. तिला मागच्या सीटवर घेऊन ते संगमनेरला निघाले. वाटेत पाण्याचा पाइप फुटला, तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. तिथेच थांबले असते तर इंजिन वाचलं असतं. ते थांबले नाहीत. दवाखान्याच्या दारात इंजिन जाम झालं. बाई वाचली, मूलही वाचलं. पुढे त्यांनी संगमनेरलाच भंगारातलं जीपचं इंजिन बसवून घेतलं.

"तुम्ही पंधरा दिवस खपून बसवलं होतंत ते. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमतच झाली नाही."

मला आठवलं, दर ईदला आम्ही मिस्त्रींकडे जायचो आणि एका वर्षी जाणं अचानक बंद झालं. आईने विचारलं तर वडील म्हणायचे, पेशंट असतात.

"तुमी यायचं बंद झालात, तवा मला वाटलं, माज्याच कामात खोट निघाली," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं तेच वाटत हुतं, डॉक्टरसाहेब."

वडिलांनी उठून मिस्त्रींचा काळा झालेला हात दोन्ही हातांत धरला.

मग मिस्त्रींनी सुनेला घरच्या कपाटातलं तपकिरी पुस्तक आणायला पाठवलं. ते त्याच जीपचं होतं. पंप उजवीकडे, बोल्ट तीन.

त्या रात्री जेवताना मी वडिलांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर मला पुण्याला तीनदा का जाऊ दिलंत?"

"वाटलं, पुस्तक नाही मिळालं की तू नाद सोडशील."

मला राग आला होता, तरी मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट सांगायला माणसासमोर कुणीतरी येऊन बसावं लागतं, एवढं मला त्या दुपारी कळलं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस मिस्त्री रोज सकाळी येत. मी मोठ्याने वाचायची आणि आवळायची, ते बोटांनी तपासायचे. "अजून पाव फेरा," म्हणायचे. वडील खुर्ची ओढून जवळ बसत. तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली, धुराने शेड भरलं. दोघांना मागे बसवून मी कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत नेऊन आणली. दुसरा गिअर अडकत होता. मागे ते दोघे काहीतरी बोलत होते, पण इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत.