लाखोळीचं बारसं

परवा रविवारी आमच्या घरी बारसं झालं. मांजरीचं... आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी अभिनंदनाचे मेसेज पाठवायला नको.

मी गोंदियात एका राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे. महिन्याभरापूर्वी बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, ढिगात एक पिल्लू सापडलं, करड्या रंगाचं, अंगभर बारीक ठिपके. हमालांनी ते माझ्या डब्याच्या पिशवीतच घालून दिलं. मला मांजरांचं प्रेम नाही आणि वैरही नाही... घरी घेऊन आलो, बस.

नाव ठेवायचं काम बायकोनं आणि मुलीनं हाती घेतलं. बायकोनं मोबाईलवरून मोमो, कोको, ब्राउनी अशी लांबलचक यादी काढली. मी म्हटलं, मनी म्हणा आणि मोकळे व्हा. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

अन्वी, म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी, नुकतीच शेजारच्या बाळाचं बारसं पाहून आली होती. तिनं जाहीर केलं की नाव आत्या ठेवते, तेव्हा आपल्या मांजरीचंही नाव आत्याच ठेवणार. मी आणि बायको एकमेकांकडे पाहायला लागलो...

आत्या म्हणजे माझी मोठी बहीण. अर्जुनी मोरगावला असते. आणि अन्वीच्याच बारशात आम्ही तिला नाव ठेवू दिलं नव्हतं.

तेव्हा आम्ही हॉल घेतला होता. फुगे, केक, मागे 'वेलकम अन्वी' असा भला मोठा बॅनर. ताई सकाळच्या गाडीनं आली, बॅनर वाचला, मागच्या खुर्चीवर बसली, जेवली आणि गेली... भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती प्रत्येक कार्याला आली, पण पाहुण्यासारखी. तिच्या मनातलं नाव ठेवलं नाही म्हणून रुसली, असंच मी धरून चाललो होतो. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

बायको म्हणाली, "पोरीच्या वेळी विचारलं नाही आणि आता मांजरीसाठी बोलावता? उरलंसुरलंही तुटेल." मला पटलं. आम्ही दोघांनी विषय टाळला... पोरीनं नाही टाळला. तीन आठवडे तिनं मांजरीला कुठल्याच नावानं हाक मारू दिली नाही. शेवटी एक दिवस माझा फोन घेऊन स्वतःच आत्याला लावला, तोही स्पीकरवर.

"मांजरीचं बारसं? तुझा बाप येडा झाला का व?" ताई म्हणाली. मग पुढे, "अन् मले कायले बलावून राहिले? सांगून देईन ना फोनवरच."

"फोनवर नाही चालत आत्या, कानात सांगावं लागतं," अन्वी म्हणाली.

यावर ती एवढंच म्हणाली, "रविवारी येईन. घुगऱ्या मी आणीन. तुमी काई करू नका."

स्टेशनवर घ्यायला गेलो तर ताई ठेवणीतली साडी नेसून उतरली. हातात घुगऱ्यांचा डबा. मांजरीसाठी एवढं कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं... नशीब, बोललो नाही.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तिनं मांजरीला मानेला धरून उचललं आणि उजेडात उलटसुलट करून पाहिलं, बाजारात बैल पारखावा तसं. अन्वीनं कपड्यांच्या टोपलीत ओढणी अंथरून पाळणा केला होता. मांजर काही त्यात राहायला तयार नव्हती. ताईनं तिला एका हातानं दाबून धरलं, वाकली, कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मांजरीनं कान फडफडवला.

आणि ताई वाकूनच राहिली.

मला वाटलं कमरेत उसण भरली. खुर्ची देऊ का म्हणून विचारलं, तर हलली नाही. डोकं खाली, पाठ आमच्याकडे... तशीच उभी.

आधी बायकोच्या लक्षात आलं. आत्यानं कानात नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, तिची मजा करतात. आत्याचा मान तो तेवढाच. अन्वीच्या बारशात नाव आधीच बॅनरवर होतं, कानात सांगायला काही उरलंच नव्हतं, मग धपाटे कुठले... आठ वर्षं ती ते मनात घेऊन आमच्याकडे येत-जात होती.

बायकोनं पुढे होऊन एक धपाटा घातला, भीतभीत. खालून आवाज आला, "जोरानं मार ना व! मांजरीचं हाय म्हणून का झालं?"

मग बायकोनं घातला तो चांगला सणसणीत, आणि अन्वीनं तर मोजले नाहीत. ताई हसत होती... हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मला फार लाज वाटली, सरळ सांगतो.

नाव ठेवलं लाखोळी. धान निघालं की आमच्याकडे त्याच शेतात, बांधीत, लाखोळी नावाचं कडधान्य टाकतात, तिचा दाणा असाच करडा, बारीक ठिपक्यांचा असतो. यादीतलं एकही नाव तिला इतकं शोभलं नसतं. मांजर अजून ओ देत नाही, तो भाग वेगळा.

संध्याकाळी गाडीवर सोडायला गेलो तेव्हा म्हटलं, "ताई, तेव्हा चुकलंच आमचं."

ती येणाऱ्या गाडीकडे पाहत म्हणाली, "तुले आता समजून राहिलं?"

हो, आताच. तिनं कधी मागितलं नाही आणि मला कधी सुचलं नाही. सुचलं ते माझ्या पोरीला... तिचे आभार इथेच मानतो. समोर मानले तर डोक्यावर बसेल.