तळ्याचं विसण

नातवाच्या टबातल्या कढत पाण्यात विसण घालून बायको कोपर बुडवून पाहत होती, तेवढ्यात उत्तर ध्रुवाकडून मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. आमची ही धाकटी तिथल्या तळ्यांचं तापमान मोजते.

"बाबा, ही शेजारची दोन तळी बघा. ऊन तेच, पण हे दुधाळ तळं गारेगार आणि पलीकडचं नितळ तळं त्याहून उबदार."

"असं का गं?"

"दुधाळ तळ्यात हिमनदीचं पाणी सारखं उतरतं. त्यातली दगडाची पिठूळ भुकटी ऊन खोल जाऊ देत नाही. पलीकडची हिमनदी मागे सरकली, तिचं पाणी तुटलं."

"म्हणजे त्या तळ्याला विसण घालणारं कुणी उरलं नाही," बायको म्हणाली.

मी चकित झालो. डोंगराएवढा बर्फ, आणि काम काय, तर हिच्यासारखं वाकून थोडं थोडं गार पाणी ओतत राहायचं! तापवायला सूर्य आहेच. बेताचं ठेवायला मात्र कुणीतरी जवळ बसावं लागतं.

"मुक्ते, यंत्र ठेव. कोपर बुडवून बघ!" मी म्हणालो.

मुक्ताने खरंच बाही सारून दुधाळ पाण्यात कोपर घातलं आणि अशी किंचाळली, की टबातला आमचा नातू जन्मात पहिल्यांदाच खळखळून हसला.